ओढ्याच्या वाळूत बसलेली एल्साबाई

एल्सा,

परवा सकाळी तुझं माप मी घेतलं. डोक्यापाशी दोरा धरला, टाचेपाशी गाठ मारली आणि तो दोरा आमच्या मोहल्ल्यातल्या गफूरचाचांच्या हातात दिला. कबर खणायला माप लागतं. तू इथल्या बायांपेक्षा हातभर उंच. अंदाजानं खणलं असतं तर पाय मावले नसते. दोरा तुझ्याच झोळीतला घेतला. त्या झोळीत तू काय काय बाळगतेस हे बघायची मला इतकी वर्षं इच्छा होती, आणि परवा ती हातात आली तेव्हा त्यात कात्री, बोरिक पावडरची पुडी आणि एक सुकलेलं मोसंबं निघालं. तरी मी ती उलटी करून झटकून पाहिली. सवय, दुसरं काय.

माणूस गेलं की त्याच्याबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे. अण्णा कालपासून तेच करताहेत. 'देवमाणूस होत्या' असं येईल त्याला सांगतात. मला ते जमणार नाही. मी एकाएकी तुझे गोडवे गायला लागले तर तूच कबरीतून एक भुवई वर करून विचारशील, "हमीदा, तुला काय पायजे?"

तू मुरुमला आलीस तो दिवस मला लख्ख आठवतो. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये अण्णांनी पोरक्या, पांगळ्या मुलांचं घर काढलं होतं. कोणाच्या पायावरून वारं गेलेलं, कोणी जन्मतःच वाकडं, कोणाला आईबाप नाहीत, तर कोणाला असून नसल्यासारखे. मी त्यांना बाराखडी आणि पाढे शिकवत होते. उमरग्याहून आलेल्या बैलगाडीतून तू उतरलीस, अंगावर शर्ट आणि घोट्यापर्यंतचा घागरा, नाक उन्हानं टोमॅटोसारखं लाल. अण्णा म्हणाले, "या डेन्मार्कहून आल्या आहेत, मुलांची सेवा करायला." मी लगेच मनात म्हटलं, डेन्मार्कमध्ये मुलं संपली का?

हे फक्त माझ्या एकटीच्या मनात आलं असं समजू नकोस. आडतीवर, चहाच्या हॉटेलात, पाणवठ्यावर तुझीच चर्चा होती. कोणी म्हणे, धर्म बाटवायला आलीय. पण तू ना कुठं प्रार्थनेला जायचीस, ना कोणाला न्यायचीस. मग म्हणे, सरकारची हेर आहे, फोटो काढते. पण मुरुमात फोटो काढण्यासारखं आहे काय, तुरीचे ढीग? शेवटी नवऱ्याला विष घालून पळून आलेली बाई, यावर बायकांचं एकमत झालं. माझ्या अम्मीचं मत मात्र वेगळं होतं. ती अंगणात शेळीला पाला टाकता टाकता म्हणाली, "जिसके घर में कोई बोलता नहीं, वोईच इत्ता दूर जाती." मी तिला म्हटलं, अम्मी, तू फार भोळी आहेस.

माझा संशय निराळा होता आणि तो मी कोणाला सांगितला नव्हता. तू मूल न्यायला आली आहेस. एखादं गोजिरवाणं पोर हेरायचं, त्याला लळा लावायचा आणि एक दिवस आगबोटीत बसवून पसार व्हायचं.

संशयाची मला लहानपणापासून ओळख होती म्हणून हे सुचलं असेल. पोलीस ॲक्शननंतर आमच्या मोहल्ल्याची दारं येता-जाता ठोठावली जायची. तुमच्याकडं कोण येतं, कोण जातं, तुमचा भाऊ कुठं असतो? माझा भाऊ अंथरुणात टायफॉइडनं पडलेला होता, तरी त्याची उशी उचलून पाहिली. निजामाचं राज्य गेलं, पुढं आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. पण अनोळखी माणूस दिसला की आधी त्याचे हात बघायचे, ही खोड माझ्यात राहिली ती राहिलीच. तुझे हातही मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. त्यांना घट्टे होते. मला तेही संशयास्पद वाटलं.

आणि तू वागायचीसही अशी की संशयाला खतपाणी मिळावं. आल्या आल्या तू एकेका मुलाला चटईवर आडवं केलंस आणि दोऱ्यानं त्याचे पाय मापलेस. गुडघ्याला एक गाठ, घोट्याला एक गाठ, आणि तो दोरा त्याच्या नावानं खिळ्याला टांगायचा. अम्मी त्या दिवशी मला डबा द्यायला आली होती. तिनं ते पाहिलं आणि डबा तिथंच टेकवून तोंडावर पदर धरला.

"अगं हमीदा, जित्या लेकराला निजवून दोरा लावत न्हाईत! मुडद्याला लावतात. सांग की तिला."

मी तुला सांगितलं. तू शांतपणे म्हणालीस, "मग मी उभं करून माप घेते. तू यांना उभं कर."

त्यांना उभं राहता येत नव्हतं म्हणून तर ती पोरं तिथं होती. पुढं त्या दोऱ्यांवरून लोहारानं पट्ट्या केल्या, चांभारानं पट्टे शिवले, आणि एक एक करत पोरं भिंतीला धरून उभी राहायला लागली. अम्मीनं ते बघून तोंडात बोट घातलं. मी मात्र ठरवलं की बाई हुशार आहे, जास्त सावध राहायला पाहिजे.

तूसुद्धा काही कमी नव्हतीस. तुझ्या देशाहून दुधाच्या पावडरीचे डबे यायचे. त्या कपाटाची किल्ली तू गळ्यात घालून हिंडायचीस, आंघोळीलाही काढत नव्हतीस. त्या ईदला मी तुला घरी बोलावलं. अम्मीनं हौसेनं शीरखुर्म्याची वाटी पुढं केली. तू एक चमचा घेतलास, थांबलीस, आणि माझ्याकडं बघून विचारलंस, "हे दूध कुठलं?"

माझं डोकं असं सणकलं! मी तुझा हात धरला, ओढत अंगणात नेलं आणि शेळीपुढं उभं केलं. "ही बघ. हिला विचार." तू शेळीकडं बघितलंस, शेळीनं तुझ्याकडं बघितलं. मग तू हसलीस, आणि अम्मी हसली, आणि मला हसायचं नव्हतं तरी हसू आलं. त्या दिवशी तू तीन वाट्या खाल्ल्यास. मला वाटतं आपली मैत्री त्या शेळीपासून सुरू झाली. दोघी एकमेकींवर डोळा ठेवून होतो, त्यामुळं रोज भेटणं आलंच.

आता सोनाचं बोलते.

सोना तुला सगळ्यांत आधी आवडली आणि हे मी ताडलं होतं. सात-आठ वर्षांची, काळीसावळी, जिभेला धार. आईबाप पटकीत गेलेले, जवळच्या खेड्यात म्हातारी आजी तेवढी उरलेली. तिचे दोन्ही गुडघे आखडून पोटाशी गेले होते. तुझ्या पट्ट्या सगळ्यांना बसल्या, तिला बसेनात. तिचा दोरा तू कितीदा तरी नव्यानं गाठी मारून टांगलास. ती रोज बघायची, बाकीची पोरं भिंतीशी उभी आणि आपण खाली.

मग ते ग्रहण आलं. आपल्याकडं आणि पलीकडं आळंद-गुलबर्ग्याकडं फार जुनी समजूत आहे, की सूर्याला ग्रहण लागलं की पांगळं पोर वाळूत गळ्यापर्यंत पुरायचं आणि ग्रहण सुटलं की काढायचं. पायांत जीव येतो म्हणतात. हिंदू, मुसलमान, लिंगायत, सगळे पुरतात. सोनाची आजी आदल्या दिवशीच पायी आली. "उद्या सोनीला वड्यावर नेते," म्हणाली.

तू ऐकलंस आणि तुझा चेहरा पांढराफटक झाला. तू अण्णांशी भांडलीस, आजीशी भांडलीस, आणि माझ्यावर तर अशी उखडलीस की जणू खड्डा मीच खणला होता. "तू शिकलेली बाई! तू गप्प कशी?" मी गप्प होते, कारण माझा त्यावर विश्वास नव्हता, आणि नाही म्हणायची हिंमतही नव्हती. उद्या सोना म्हणाली असती, त्या दिवशी पुरलं असतं तर मी चालले असते, तर? तू दार लावून घेतलंस आणि उंबऱ्यात बसलीस. आणि आतून सोनाचा आवाज आला. रडका नव्हता, चांगला ठणठणीत होता.

"आमी बरं झालो तर हिला माघारी जावं लागंल. म्हून ही आमाला पुरू देत न्हाई."

एल्सा, मी तुझ्यावर इतका संशय घेतला, पण हा मला सुचला नव्हता. तुझ्याकडं बघवेना. मला वाटलं आता रडशील, नाहीतर सामान बांधशील. तू उठलीस, घागरा झटकलास आणि मला विचारलंस, "वाळू कुठंय?"

ओढ्यावर जत्रा भरली होती. जागोजागी वाळूतून पोरांची डोकी वर आलेली, शेजारी आया आरती किंवा कलमा म्हणत बसलेल्या. तू सोनाचा खड्डा स्वतः खणलास, वाळू भुसभुशीत ठेवलीस, तिच्या छातीवर भार येत नाही ना हे दहादा बघितलंस. आणि मग तिच्या शेजारी दुसरा खड्डा खणायला लागलीस. लोक बघायला जमले. तू त्यात उतरलीस आणि मला म्हणालीस, "हमीदा, लोट वाळू."

"तुझे पाय तर चालतात."

"लोट म्हणते ना."

मी लोटली. गळ्यापर्यंत. पिवळ्या केसांचं एक डोकं आणि तेल लावून वेणी घातलेलं एक डोकं, वाळूवर शेजारी शेजारी. ऊन मळकट होत गेलं, पाखरं गप्प झाली. तेवढ्यात तुझ्या लाल नाकावर एक माशी येऊन बसली. हात वाळूत. तू नाक हलवलंस, फुंकर मारलीस, माशी ढिम्म. सोना हसायला लागली, तिची वाळू हलायला लागली. मी कडुलिंबाची डहाळी तोडून आणली आणि ग्रहण सुटेपर्यंत तुम्हा दोघींच्या माशा हाकलत बसले. गावच्या मास्तरणीला हे काम! येणारा-जाणारा बघत होता. मला लाज वाटली नाही, हे मी तुला कधी सांगितलं नाही. इतकं हलकं मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

सोनाचे पाय हलले नाहीत. मी घाबरून होते, आता ही पोर खचणार. ती दिवसभर विचार करत राहिली आणि रात्री जेवताना तिनं निकाल दिला. "एल्साबाई शेजारी बसली. चालती बाई. म्हून माझा गुण तिच्याच पायात गेला." त्या दिवसापासून तुझे पाय तिचे झाले. तिला नळावर जायचं असलं की ती ओरडायची, "एल्साबाई, माझे पाय आण!" आणि तू जायचीस, वाकायचीस, तिला पाठीवर घ्यायचीस. बाजार, ओढा, आमचं घर, शेळी. सगळं मुरुम तिनं तुझ्या पाठीवरून बघितलं.

तू त्या खड्ड्यात का उतरलीस, हे मी तुला खूपदा विचारलं. तू म्हणायचीस, "ती भिऊ नये म्हणून." मला हे पटलेलं नाही, आजही नाही. सोना भित्री नव्हतीच. मला वाटायचं, तुला तिला जिंकायचं होतं, आणि तू जिंकलंस. कधीकधी वाटतं, तूही त्या वाळूकडं काहीतरी मागत होतीस. काय ते तू सांगितलं नाहीस, आणि अम्मीला मी पुढं कधी भोळी म्हटलं नाही.

म्हणून या उन्हाळ्यात तू तो विषय काढलास तेव्हा मला धक्का बसला नाही. मी कधीची वाटच बघत होते. तू म्हणालीस, माझ्या गावी एक डॉक्टर आहे, तो असे गुडघे सोडवतो. सोनाला घेऊन जाते, ऑपरेशन करते, परत आणते. आजी म्हणाली, "मला काय कळतंय, यव्वा? हमीदाबाई म्हणंल तसं." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"परत आणशील कशावरून?" मी विचारलं.

"मी सांगते म्हणून."

"तिकडं थंड हवा, दूध, बाहुल्या, नवे पाय. तिला परत यावंसं वाटेल? आणि तुला तिला आणावंसं वाटेल?"

तू म्हणालीस, "माहीत नाही." तुझ्या जागी दुसरं कोणी असतं तर छातीवर हात ठेवून शपथ घेतली असती. तू खरं बोललीस आणि मी त्याच खऱ्यावर अडून बसले. रोज भांडण. अंगणात भांडण, स्वयंपाकघरात भांडण. तू म्हणायचीस, तिचे गुडघे दर वर्षी जास्त आखडताहेत, थांबता येत नाही. मी म्हणायचे, न चालणारी सोना आमची आहे, चालणारी तुझी होईल. हो, असंच म्हणाले मी. तू गेलीस म्हणून शब्द मऊ करत नाही. मला आजही वाटतं की तू तिला परत आणली नसतीस. आणि तिनं चालावं असंही वाटतं. ही दोन्ही वाटणं एकाच छातीत घेऊन मी फिरत होते, तेवढ्यात तुला ताप आला.

डॉक्टर विषमज्वर म्हणाले. मी तुझ्या कपाळावर घड्या ठेवत होते, अम्मी पायाशी बसून होती. सोनाला आत येऊ देत नव्हतो, ती खिडकीखाली बसून हाका मारायची. शेवटच्या दुपारी तू डोळे उघडलेस आणि मुलांकडून शिकलेल्या तुझ्या त्या मराठीत म्हणालीस, "हमीदा, तू बी चल की. आगबोटीत बस. म्या पळते का बघ." आणि हसलीस.

मी उत्तर दिलं नाही. मला वाटलं, तापात बरळतेय. खरंच विचारतेय की बरळतेय, याचा अंदाज घेत राहिले, आणि तू डोळे मिटलेस. एल्सा, मी आले असते. नसता झाला बोभाटा तर झाला असता. अम्मीला शेळी सोबत होती. मी तुझ्या दारात खाट टाकून बसले असते, तुझ्यावर आणि त्या डॉक्टरवर नजर ठेवली असती, आणि सोनाला चालवत परत आणलं असतं. एवढं साधं उत्तर होतं आणि ते तुलाच सुचलं, मला नाही.

तुझ्या देशाला तार गेली, पण या उन्हात थांबता येत नव्हतं. आपल्या शेडमागच्या कडुलिंबाखाली जागा केली. गफूरचाचांनी माझ्या दोऱ्यानं मापून खणलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलं, तोंड उघडं ठेवलं, पोरांना शेवटचं बघता यावं म्हणून. पोरं तुझ्या पट्ट्या खणखणवत आली, काठावर उभी राहिली. सोनाला मी पाठीवर घेतलं होतं. पहिल्यांदाच. तिला वजन आहे, एल्सा. तू कधी म्हणाली नाहीस.

गफूरचाचांनी पायांच्या बाजूनं माती लोटायला सुरुवात केली. पाय झाकले, पोट झाकलं. सोना माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. माती छातीवर आली तशी ती ओरडली, "बास!"

सगळे थांबले.

"गळ्यापत्तुरच घाला, चाचा. तोंडावर नका टाकू." मग तिनं माझ्या मानेभोवतीचा एक हात सोडवून वरच्या फांदीकडं केला. "हमीदाबाई, मला ती डहाळी तोडून द्या. सुटंस्तवर माशा म्या हाकलते."

गफूरचाचांनी फावडं खाली ठेवलं. मी डहाळी तोडून तिच्या हातात दिली आणि काठाशी वाकून बसले. ती तुझ्या तोंडावरच्या माशा हाकलत राहिली. उन्हं कलेपर्यंत कोणी आम्हाला उठा म्हणालं नाही.